ध्वनिमुद्रणातली चार बोटं जागा

दूध तापत ठेवताना पातेलं काठोकाठ भरायचं नाही, हे घरात कुणाला शिकवावं लागत नाही. दूध वर येणार, त्याला चार बोटं जागा हवी. आज मला बोलायचं आहे ते याच चार बोटांविषयी. फक्त पातेल्याच्या ठिकाणी ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे आणि दुधाच्या ठिकाणी माणसाचा आवाज.

तुमच्यापैकी पुष्कळ शिक्षक गावातली गाणी, भजनं, वृद्धांच्या आठवणी मुद्रित करून ठेवतात. कुणी जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून घेतात. त्यासाठी मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये एक लहानशी पेटी लागते. तिला ऑडिओ कन्व्हर्टर म्हणतात. तारेतून येणारा आवाज म्हणजे विजेच्या दाबाचे चढउतार. ही पेटी त्या दाबाचं माप सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा घेते आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवते. हिशेब लिहिणारा कारकूनच म्हणा ना! पण या कारकुनाच्या वहीत सर्वांत मोठा आकडा ठरलेला असतो. दाब त्याच्या वर गेला, की तो बिचारा तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि ऐकताना आवाज फाटतो.

आता तुम्ही म्हणाल, फाटला तर मागाहून संगणकावर कमी करू. तसं होत नाही. कापलेला माथा खाली आणला, तरी तो कापलेलाच राहतो. शिवाय संगणकाच्या पडद्यावरची सरकपट्टी बहुधा कारकुनाच्या पलीकडे असते. नुकसान तिच्या आधीच होऊन गेलेलं असतं. फिरवायचं ते पेटीवरचं बटण, ज्यावर 'गेन' लिहिलेलं असतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, बरं का. २०१३ साली मावळातल्या एका गावी मी एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला गेलो होतो. आजींचा आवाज बारीक. मी बटण चढवीत गेलो. पडद्यावरची पट्टी जवळजवळ भरली, तेव्हा कुठं माझं समाधान झालं. मग जातं फिरू लागलं, शेजारच्या दोघीजणी येऊन बसल्या, आणि आजी रंगात आल्या. लाल दिवा पेटलेला मी पाहिलासुद्धा नाही, मी ऐकतच राहिलो होतो. घरी येऊन लावलं, तर भावावरच्या दोन ओव्या नुसत्या खरखरत होत्या. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आजी म्हणाल्या, "ती आता कुठली आठवायची, मास्तर? जात्यावर बसल्यावर येतं ते येतं." त्यांनी दुसऱ्या पुष्कळ म्हटल्या. त्या दोन मात्र गेल्या त्या गेल्याच.

मग जागा किती ठेवावी? पट्टीवर सर्वांत वर शून्य असतं आणि खाली उणे आकडे असतात, ते डेसिबलचे. उणे ६ म्हणजे कमाल दाबाचा निम्मा, उणे १२ म्हणजे पाव. गाणाऱ्याला आधी सर्वांत मोठ्या आवाजात गायला सांगा आणि पट्टीचं टोक उणे १२ च्या आसपास राहील असं बटण लावा. तालमीत माणूस हात राखून गातो, खऱ्या वेळी चढतो. भजनात झांजा असतील, तर उणे १८ सुद्धा चालेल. झांजेचा ठोका क्षणात येऊन जातो. जुन्या टेपयंत्रावरचा काटा असा ठोका दाखवायच्या आत तो संपलेलाही असे, कारण त्या काट्याला पुरतं वर यायला सुमारे ०.३ सेकंद लागत.

"काटा लाल रेघेला लागू द्या," असं जुनी माणसं सांगत, ते त्यांच्या काळी खोटं नव्हतं. टेपची स्वतःची सरसर असे, तिच्या वर आवाज काढावा लागे. आणि टेप एकदम फाटत नसे, हळूहळू जाड होत जाई. १६ बिटच्या वहीत ६५,५३६ पायऱ्या असत, तिथंही जपून का होईना, पण वरपर्यंत भरणं योग्य वाटे. २४ बिटमध्ये पायऱ्या १,६७,७७,२१६ आहेत. १२ डेसिबल मोकळे सोडले, तर २४ पैकी २ बिट वाया जातात. खोलीतल्या पंख्याचा आवाजच त्याहून कितीतरी अधिक गोंधळ करतो. म्हणून यंत्र २४ बिटवर ठेवा आणि निर्धास्तपणे जागा सोडा. मात्र पट्टी तळाशीच लोळत राहील इतकं बटण उतरवू नका; तिथं यंत्राची सरसर वर येते.

बटण तळाला नेऊनही लाल दिवा पेटत असेल, तर मायक्रोफोन हातभर मागं घ्या.

कॅसेटचं काम सोपं. तिचा आवाज ठरलेला असतो, ती ऐन वेळी रंगात येत नाही! सर्वांत मोठा भाग आधी वाजवून पाहा आणि टोक उणे ६ च्या आसपास राहू द्या. टेपरेकॉर्डरची तार मात्र 'लाइन' लिहिलेल्या भोकात घाला. मायक्रोफोनमधून येतात व्होल्टचे काही सहस्रांश, टेपरेकॉर्डरमधून सुमारे पाव-तृतीयांश व्होल्ट. मायक्रोफोनच्या भोकात तो दाब मावायचा नाही.

आणि मुद्रण झालं, की गाव, तारीख, गाणाऱ्याचं नाव यांच्या शेजारी बटण कुठल्या खुणेवर होतं तेही वहीत लिहा. पुढच्या खेपेला त्याच ओसरीवर बसाल, तेव्हा तिथूनच सुरुवात करता येईल.