कानातल्या खड्यातलं वय

बाजारात लेप मासा पाहिला असेल, तर प्लेस ओळखायला सोपा. तसाच चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. वर नारिंगी ठिपके. युरोपातल्या उत्तर समुद्राच्या वाळूत तो पडून असतो. असे मासे किती उरलेत, हे मोजायचं कसं? माशाच्या कानातला चुनखडीचा इवलासा खडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. झाडाच्या खोडासारखं त्यात वर्षाला एक वलय. कोणत्या वयाचे किती मासे मिळाले, यावरून दरसाल किती मरतात याचा अंदाज बांधतात. म्हातारे दिसेनासे झाले, की जाळी फार फिरताहेत असं समजायचं.

ठळक पुरावा मात्र युद्धाने दिला! १९३९ ते १९४५ या काळात तिथली मासेमारी जवळजवळ थांबली. नंतर जाळ्यांत मोठाले, वयस्क प्लेस येऊ लागले. इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेतल्या रे बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट यांनी या माशाचं गणित मांडलं. १९५७ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला.

एक दुखणं अजून आहेच. सोल माशासाठीच्या ८० मिलिमीटर भोकांच्या जाळ्यात लहान प्लेसही अडकतात, आणि पाण्यात परत टाकलेले बरेचसे जगत नाहीत.