कच्चा लिंबू

आमच्या नामपुरात मोसमच्या काठी लपंडाव रंगला, की धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो लपतो, पळतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कुणा मास्तरांनी शिकवलेला नाही, बरं का!

खो-खोचे नियम मात्र मोठ्यांनी बांधले, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, १९१४ साली. आठ गडी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. समोरून भिडू निसटत असला, तरी पाठीमागून ‘खो’ मिळेपर्यंत उठायचं नाही. तापट पोरगंही तिथे कळ सोसतं. उठलं, तर फाउल!

भांडला म्हणून मुलाला खेळाबाहेर काढतात, ते मला पटत नाही. त्याला खुशाल त्या रांगेत बसवा.