सच्छिद्र भिंत आणि परतून चिकटणारा झोत



अधिवेशनाच्या अध्यक्षाने सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. भिंतीपासून सुटलेला आणि पुढे जाऊन पुन्हा तिला चिकटणारा झोत बाहेरची ऊर्जा न लावता, केवळ सच्छिद्र पृष्ठभागाने कितपत आवरता येतो?

झोत आजूबाजूची हवा ओढत पुढे जातो. एका बाजूला भिंत असली की तिकडून भरपाई पुरेशी होत नाही. मधल्या जागेतला दाब उतरतो आणि झोत भिंतीकडे वाकतो. एसीची हवा छताला धरून खोलीभर जाते, ती याच कोआंडा परिणामामुळे. भिंतीवर आदळल्यावर झोताचा एक भाग पुढे निघून जातो, दुसरा मागे फिरून झोत आणि भिंत यांच्यामधल्या बंदिस्त जागेत, म्हणजे बुडबुड्यात, शिरतो आणि ओढून नेलेल्या हवेची भरपाई करतो. बूर्क आणि न्यूमन यांनी १९६० मध्ये या चिकटण्याचा हिशेब मांडला.

विंड टनेलमध्ये पृष्ठभागावर लोकरीचे धागे चिकटवून पाहा. बुडबुड्याखालचे धागे उलटे, झोत सोडणाऱ्या नॉझलच्या दिशेने पडतात. बरेच पुढचे धागे प्रवाहाबरोबर सरळ राहतात. मधल्या पट्ट्यातले मात्र क्षणात इकडे, क्षणात तिकडे. झोत चिकटतो ती जागा म्हणजे एक रेषा नसून मागेपुढे होणारा पट्टा आहे, हे आलेखांपेक्षा त्या धाग्यांवरून लवकर पटते. दाबाची धडधड याच पट्ट्याच्या आसपास सर्वाधिक असते. तिच्यामुळे पत्रे थरथरतात, आवाज वाढतो आणि धातूला थकवा येतो.

तिथे भरीव पत्र्याऐवजी सच्छिद्र पत्रा बसवला आणि खाली बंद पोकळी ठेवली, तर आदळण्याच्या जागी दाब जास्त असल्यामुळे हवा छिद्रांतून खाली उतरते, पोकळीतून मागे सरकते आणि बुडबुड्यातल्या कमी दाबाच्या जागी वर येते. पंप नाही, वीज नाही. ज्या दाबफरकामुळे त्रास होतो, तोच ही हवा फिरवतो. प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गला सीमास्तराची कल्पना मांडली, तेव्हा शोषणाने विलगन, म्हणजे प्रवाहाचे भिंतीपासून सुटणे, रोखून दाखवले होते. पण शोषणाला पंप लागतो. बाही, रॉस आणि नागामात्सू यांनी १९८३ मध्ये पोकळीवरचा सच्छिद्र पृष्ठभाग पंखावरच्या आघात-तरंगासाठी वापरला. हीनन आणि मॉरिसन यांनी १९९८ मध्ये पायरीमागच्या विलग प्रवाहात दाबाचे चढउतार अशाच पृष्ठभागाने कमी केले. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. पण ती फुकट मिळत नाही: छिद्रांमुळे घर्षण वाढू शकते आणि काही वेगांना छिद्रे शीळही घालतात.

माझी खरी तळमळ पुढची आहे. आपल्या निबंधांत पत्र्याचे वर्णन अनेकदा एका आकड्यात उरकते: छिद्रांचे क्षेत्रफळ इतके टक्के. तेवढ्यावरून दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. तेवढेच क्षेत्रफळ मोजक्या मोठ्या छिद्रांतही असू शकते आणि असंख्य बारीक छिद्रांतही. हवेला होणारा अडथळा दोन्हींत सारखा नसतो. डार्सी यांनी १८५६ मध्ये दिजोंच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात वाळूतून झिरपणारे पाणी आणि दाब यांचे नाते दिले. बीव्हर्स आणि जोसेफ यांनी १९६७ मध्ये सच्छिद्र भिंतीलगत प्रवाह कसा घसरतो, ते मांडले. इतके हाताशी असताना पत्र्याची पारगम्यता (प्रवाह त्यातून किती सहज आरपार जातो ते), पत्र्याची जाडी आणि पोकळीची खोली न सांगणे मला मान्य नाही.

आणि धूळ! साखर कारखान्याच्या बॉयलरच्या धुराड्याकडे जाणाऱ्या डक्टमध्ये असा पत्रा बसवला, तर उडती राख छिद्रांत बसणारच. सगळी छिद्रे एकदम बुजणार नाहीत. काही भागांत आधी, काही भागांत नंतर. मग हवा आत कुठे शिरते आणि बाहेर कुठे पडते, हेच बदलते. स्वच्छ पत्र्यावरचा आलेख तिथल्या अभियंत्याच्या काय कामाचा?

म्हणून माझी विनंती आहे: पुढच्या अधिवेशनात या विषयावर निबंध वाचणाऱ्याने पत्र्याची पारगम्यता स्वतः मोजलेली असावी, आणि स्वच्छ पत्र्याच्या मोजमापाशेजारी अर्धवट बुजलेल्या पत्र्याचेही मोजमाप दाखवावे.