दारी बेलिफ आला तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी गोडधोडाचेच बोलावे असा रिवाज आहे. पण कार्यकारिणीचा आग्रह पडला, "तुमच्या घरी घडले ते सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून जी गोष्ट मी तेव्हा सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नाही, ती आज आपणा सर्वांपुढे सांगते.

आमच्या ह्यांनी एका स्नेह्याला जामीन म्हणून सही दिली होती. स्नेही गाव सोडून गेला. १९८४ साली एके दुपारी मी एकटी घरी असता कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला. माझे हातपायच गळाले. "हे घरी नाहीत," म्हणत मी दार लावून घेतले. कागद घेतला नाही म्हणजे बला टळली, अशी माझी समजूत! त्याने प्रत दारावर चिकटवली. शेजारणी वाचतील या लाजेने मी ती खरवडून काढली, बंबात घातली आणि ह्यांना अवाक्षर सांगितले नाही.

कोर्टाच्या लेखी समन्स पोचले होते. कोणी हजर झाले नाही, तेव्हा एकतर्फी हुकूमनामा झाला. वर्षभराने तोच बेलिफ जप्तीचे वॉरंट आणि पंच घेऊन दारात उभा! मी रडू लागले. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बेलिफाला पाणी दिले, बसायला सांगितले आणि म्हणाल्या, "वॉरंट वाचून दाखवा." ह्यांचे नाव, रक्कम, कोर्टाचा शिक्का, तारीख, सारे त्यांनी शांतपणे पाहिले.

त्या दिवशी मला कळले की बेलिफ हा आपला वैरी नव्हे. तो हुकमाचा ताबेदार, आणि त्यालाही कायद्याच्या मर्यादा आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी त्याला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे आपले मंगळसूत्र, त्यालाही हात लावता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही.

कपाट आणि पंखा गेला. माझे शिलाई मशीनही यादीत चढले. ते मी शिवणाच्या पैशातून घेतले होते. काकूंनी विचारले, "पावती आहे का?" पावती देवघराच्या खणात सापडली. जप्ती फक्त ऋणकोच्या मालावर येते, दुसऱ्याच्या नव्हे. कोर्टात हरकत घेतली आणि मशीन सुटले. पुढे धनकोशी बोलून हप्ते बांधले आणि ती तडजोड कोर्टात नोंदवून घेतली. ही नोंद फार महत्त्वाची; कोर्टाबाहेर दिलेला पैसा नोंदला नाही, तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणारे कोर्ट तो जमेस धरीत नाही.

तेव्हा भगिनींनो, दार उघडा, पण आधी ओळखपत्र आणि कागद पाहा. अडवाअडवी, धक्काबुक्की करू नका. तो गुन्हा होतो. खोटे बोलू नका. कोऱ्या कागदावर सही नको, पावतीशिवाय पैसा नको. काय नेले त्याची यादी मागून घ्या. समन्स आले तर त्याच दिवशी घरात सांगा. कैफियत देण्यास साधारणतः ३० दिवसच असतात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून बसून राहू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाची कचेरी असते.

आणखी एक. बँकेचा वसुली करणारा माणूस म्हणजे बेलिफ नव्हे. कोर्टाच्या वॉरंटाची बतावणी करून त्याला घरात शिरता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे.

पूर्वी प्रतिवादी घरी नसला की समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाच्याच हाती देता येई. १९७६ च्या दुरुस्तीने घरातल्या प्रौढ स्त्रीलाही ते देता येऊ लागले. कायद्याने आपल्याला जाणते मानले आहे. मी मात्र त्या दुपारी अजाण मुलीसारखी दार लावून बसले, आणि कर्जाहून ती लाजच महाग पडली.

शेवटी एवढेच मागणे. शेजारणीच्या दारात बेलिफ दिसला तर खिडकीतून पाहत राहू नका. काकूंसारख्या जा, तिच्याजवळ बसा आणि कागद वाचून द्या. आपल्या मंडळाचे खरे काम तेच.