वणव्यानंतरची फुलं

‘वणवा’ हा शब्द मराठी कवितेत कधी विरहाचा असतो, कधी क्रांतीचा. जळणारं गवत मात्र त्यात सहसा नसतं. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, पण अलीकडे शास्त्रज्ञ वणव्याविषयी जे सांगू लागले आहेत, त्यानं मला या शब्दाकडे पुन्हा बघायला लावलं.

तळेगाव दाभाड्याच्या परिसरातले उघडे डोंगरउतार उन्हाळ्यात काळेठिक्कर दिसतात. पावसाळ्यात गवत चांगलं यावं म्हणून गावकरी काडी लावतात. या भागात आदित्य धारप यांना एक छोटी वनस्पती सापडली, अडुळशाच्या कुळातली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि सहकारी यांनी तिचा अभ्यास केला. 2024मध्ये ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ या नावानं ती नवी जात म्हणून जाहीर झाली. ती वर्षातून दोनदा फुलते. पावसाळा सरल्यावर एकदा, आणि वणव्यानं वरचं सगळं जाळून टाकल्यावर, मे-जूनमध्ये पुन्हा!

हे कसं होतं? गवताची आग झरझर पुढे सरकते. वर राख होते, पण काही बोटं खाली माती फारशी तापत नाही. या वनस्पतीची लाकडी मुळी तिथं शाबूत असते. तिच्यातून बुटके कोंब निघतात आणि फुलतात. बऱ्याच गवतांचे कोंबही असेच जमिनीलगत सुरक्षित असतात. अशा माळांना सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणायचं आणि वृक्षारोपणासाठी तिथं खड्डे खणायचे, हा आपला जुना उत्साह. मला तो आता खटकतो.

पण म्हणून काडी घेऊन निघू नका. सदाहरित रानात झाडांची साल पातळ असते. तिथं मंद आगही मोठाले वृक्ष मारते. शिवाय माळ सोसतो म्हणून तो कितीही वेळा जाळावा, असंही नाही.

आग कोणती आणि केव्हाची, हे ओळखणारी माणसं कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात आहेत. तिथले सोलिगा आदिवासी उन्हाळा तापण्याआधी पालापाचोळ्याला हलकी आग लावत. तिला त्यांच्या बोलीत नावही आहे, ‘तरगु बेंकी’. 1974 साली तिथं अभयारण्य झालं आणि ही आग बंद पडली. रानात आग लावणं 1927च्या वन कायद्यानं गुन्हाच. त्यानंतर घाणेरी माजली. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी 2005मध्ये शंका मांडली होती, की घाणेरी आगीला सरपण पुरवते आणि आग घाणेरीला मोकळी जागा देते. पुढे सुंदरम आणि सहकाऱ्यांनी सोलिगांचं म्हणणं नीट नोंदवलं, ते वेगळं निघालं: दरसालची हलकी आग घाणेरीची कोवळी रोपं जाळायची, आवळ्यावरचं बांडगूळही आटोक्यात ठेवायची. ते 2012मध्ये प्रसिद्ध झालं. मला यात मोल वाटतं ते ऐकण्याचं. मोजपट्टी घेऊन रानात गेलेला माणूस म्हाताऱ्या सोलिग्याजवळ बसतो, हे रोज घडत नाही.

आता अडचण अशी की घाणेरी पुरुषभर उंच झाली आहे. आज तिथं काडी लागली तर आग पाल्यापुरती राहणार नाही, झाडांच्या शेंड्यापर्यंत चढेल. म्हणजे बंदी उठवली तरी जुनी आग तशीच परत लावता येत नाही. आधी घाणेरी हातानं उपटावी लागेल, मुळासकट, डोंगरभर.