थांबायचं कसं, ते शिकायला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरचा माणूस बर्फावरच्या खेळावर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातले काहीजण हसले असतील. हसा खुशाल. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेला. मे महिन्यात पारा ४४च्या आसपास. माझा धंदा टॉवेल-चादरींचा. स्कीइंगचा नाद लागला तो चाळिशी उलटल्यावर, उत्तराखंडातल्या औलीला सहलीला गेलो तेव्हा. पण आज सांगणार आहे ते नादाबद्दल नाही, माझ्या एका चुकीबद्दल.

फेब्रुवारी २०१८. औलीला माझी तिसरी खेप होती. नवशिक्याला तिथे पहिल्यांदा 'स्नोप्लाऊ' शिकवतात. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब. आडव्या नांगरासारखा बर्फ ढकलत हळूहळू खाली यायचं. वेग आवरतो, थांबताही येतं, पण उतार सौम्य असेल तरच. मला मात्र वाटत होतं की आपल्याला स्कीइंग येतं. त्या दिवशी सकाळी बर्फ रात्रीच्या थंडीनं कडक झालेला होता आणि मी सरांना न विचारता जरा वरून निघालो. खाली दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसून बुटाचा खटका लावत होता. मी ओरडलो, मागे रेललो, आणि जितका मागे रेललो तितका वेग वाढला. मुलाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही. त्याचे वडील मला एकही वाईट शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं. प्लॅस्टर सुटेपर्यंत मी दर रविवारी फोन करत होतो.

घरी सौ. म्हणाली, "आता पुरे झालं." तिचं बरोबर होतं. दोन वर्षं मी स्कीला हात लावला नाही. पण मनात एक खुटखुट राहिली. सोडून दिलं तर मला थांबता येत नव्हतं, एवढंच कायमचं शिल्लक राहणार.

दर जानेवारीत जर्मनीत फ्रँकफुर्टला घरगुती कापडाचा मोठा व्यापारी मेळा भरतो. सोलापूरचे बरेच कारखानदार जातात, मीही जातो. २०२० साली मेळा आटोपल्यावर रेल्वेनं गाड्या बदलत ऑस्ट्रियातल्या सांक्ट अँटनला गेलो. तिथे सहा दिवसांच्या वर्गात नाव घातलं होतं. विमानाचं भाडं धंद्याच्या खात्यावर गेलं, ते आमचे हिशेबनीस आत्ता ऐकत नसतील अशी आशा आहे. ज्याला हा हिशेब करायचा असेल त्याला सांगून ठेवतो: शिकवणीची फी त्यामानानं कमी. खर्च होतो तो राहण्याचा आणि पाळण्याच्या पासाचा. बूट आणि स्की भाड्यानं मिळतात. विमा उतरवल्याशिवाय मात्र पाऊल टाकू नये.

हे गाव १३०४ मीटर उंचीवर, आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी. स्कीइंग टप्प्याटप्प्यानं, वर्ग पाडून शिकवायची पद्धत इथल्या हानेस श्नायडर नावाच्या माणसानं रूढ केली. १९२१ साली त्यानं इथे शाळा काढली. १९३८ मध्ये नाझींनी त्याला अटक केली, पुढे तो अमेरिकेत गेला आणि तिथल्या लोकांना शिकवू लागला.

पहिल्या दिवशी ज्याच्या त्याच्या तयारीप्रमाणे गट पाडतात. मी छातीठोकपणे 'मध्यम' म्हणून सांगितलं. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची. तिनं मला दोन वळणं घ्यायला लावली आणि सरळ लहान पोरांच्या उतारावर पाठवलं. पाच-सहा वर्षांची शेंबडी पोरं माझ्या डाव्या-उजव्या बाजूनं सुळकन जात होती आणि मी, पन्नाशीचा कारखानदार, आडवा उभा राहून घसरायला शिकत होतो. हो, नुसतं घसरायला. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, कडा जराशा सैल करायच्या की माणूस बाजूनं खाली सरकतो. कडा पुन्हा बर्फात रुतवल्या की थांबतो. दिवसभर एवढंच. सरक, थांब. सरक, थांब.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "भीती वाटली की तुम्ही कुठे झुकता?" मी म्हटलं, मागे. "आणि तुमचं वजन कुठे जातं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उतारावर भीती वाटली की माणूस डोंगराला टेकू बघतो. पण मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, कडा चावत नाहीत, वळता येत नाही आणि स्की सुटतात. औलीला नेमकं तेच झालं होतं. तोल राखायचा तर नडगी बुटाच्या पुढच्या पट्टीला टेकलेली हवी, छाती दरीकडे हवी आणि वजन वळणाच्या बाहेरच्या पायावर. सांगायला सोपं आहे. शरीर तीन दिवस ऐकत नाही. ती मला आतला पाय उचलून वळायला लावायची, कधी दोन्ही काठ्या आडव्या धरून ताटासारख्या पुढे न्यायला सांगायची. नजर स्कीच्या टोकावर गेली की ओरडायची.

तो आठवडा गड्ड्याच्या यात्रेचा होता. सोलापुरात नंदीध्वज निघाले असतील आणि मी इथे, याची टोचणी होतीच. पण आठवलं की नंदीध्वज पेलणारे आधी किती दिवस सराव करतात. तिथे कुणी "मला येतं" म्हणून काठी हातात घेत नाही.

तुम्ही विचाराल, यासाठी परदेशात कशाला? पहिल्यांदा शिकायला मुळीच जाऊ नये. गुलमर्ग, औली, मनाली इथे चांगले शिक्षक आहेत आणि मला औलीच्या सरांनीही हेच सांगितलं असणार, मी ऐकलं नव्हतं. फरक पडतो तो फेऱ्यांचा. औलीला आम्ही बराचसा वेळ स्की लावून आडवी पावलं टाकत वर चढण्यात घालवायचो. तिकडे पाळणा वर नेतो, रात्री यंत्रं उतार सारवून ठेवतात. औलीच्या आख्ख्या वर्गात उतरलो नसेन तेवढं तिथे दोन दिवसांत उतरलो. खाशाबा जाधव मातीत तयार झालेले पैलवान. १९४८ ला लंडनमध्ये ते मॅटवर उतरले आणि सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. मॅटचा डाव मॅटवर घोटावा लागतो.

शेवटच्या दिवशी तिनं आम्हाला उतारावरचे नियम समजावले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे हे दहा नियम १९६७ पासूनचे आहेत. त्यातला तिसरा असा की मागून येणाऱ्यानं पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा. म्हणजे खालच्याचा हक्क पहिला. त्यानं वर बघावं अशी अपेक्षाच नाही. ओरडून उपयोग नाही. मी औलीला ओरडलो होतो. ते ऐकताना मान वर झाली नाही.

पुढे कोरोना आला. मग जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, औलीचा रोपवे बंद पडला. त्या फेब्रुवारीत मी गुलमर्गला गेलो. दुसऱ्या दिवशी खालच्या उतारावर एक लहान मुलगी धपकन बसली, माझ्या वाटेत, बऱ्यापैकी जवळ. छाती दरीकडे ठेवली, बाहेरच्या पायावर भार दिला, स्की आडव्या केल्या. तिच्या वर दहा-बारा फुटांवर उभा राहिलो. पाय थरथरत होते. ती हातमोज्यातला बर्फ झटकत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.