पोकळीवर उघडणारे दिवे

कवीनं पोकळीवर बोलावं यात नवल नाही. पण आजची माझी पोकळी मोटारीच्या इंजिनातली आहे. पेट्रोल इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. कार्बोरेटरची झडप मिटलेली असली की पुरेशी हवा मिळत नाही आणि मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते. मिस्त्री मंडळी तिला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात.

ही ओढ फुकटची, म्हणून तिच्यावर एके काळी बरंच काही चालायचं. आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, रणगाडा दलाचं गाव. जुन्या जिपा इथल्या गॅरेजवाल्यांच्या चांगल्या ओळखीच्या. युद्धानंतरच्या विलीज जिपेचा वायपर या ओढीवरच हलायचा. आता भर पावसात कल्याणहून नगरकडे निघालेली अशी जीप डोळ्यांपुढे आणा. माळशेजचा चढ लागला की ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबणार, झडप उघडणार, ओढ संपणार आणि वायपर काचेच्या मधोमध उभा! समोर धुकं, बाजूला दरी. मग पाय क्षणभर उचलायचा, काच पुसून घ्यायची, पुन्हा दाबायचा.

परदेशी स्पोर्ट्‌स गाड्यांनी हीच ओढ दिव्यांना लावली. १९६२ ची लोटस इलान घ्या किंवा १९६८ ची कॉर्व्हेट. दिवसा दिवे मिटलेले, रात्री वर येणारे. वायपरसारखी गत होऊ नये म्हणून ओढ साठवणारी टाकी आणि हवेला एकाच बाजूनं जाऊ देणारा वॉल्व्ह दिला. तरी सुरुवातीच्या इलानमध्ये दिवे वर धरून ठेवायचं काम ओढीकडेच होतं. नळी गळली की दिवे रस्त्यातच डोळे मिटायचे! पुढे रचना उलटी केली : दिवे उघडायचं काम स्प्रिंगकडे, मिटून ठेवायचं ओढीकडे. बिघाड झाला तरी उजेड राहतो. मला ही सुधारणा मूळ कल्पनेपेक्षाही मोठी वाटते.

असे दिवे उघडेनासे झाले की माणूस दिव्याशीच झटापट करतो. झेंडीगेटकडचे आमचे एक मिस्त्रीचाचा जिपेचा वायपर दुरुस्त करताना सुरुवात इंजिनाकडून करत, आणि दिव्यांनाही तीच रीत लागू पडते. मॅनिफोल्डवरची नळी काढून जागेवर चालू इंजिनात तिथं अंगठा धरायचा. तो ओढला गेला पाहिजे. मीटर असेल तर पुस्तकं साधारण १७ ते २१ इंच पारा सांगतात. पण ते समुद्रसपाटीचं माप. नगर साडेसहाशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथं काटा दोनेक इंच खालीच राहणार. तेवढ्यावरून धडधाकट इंजिन खोलायला घेऊ नये.

मग वॉल्व्ह. एका बाजूनं फुंकर जाते, दुसरीकडून अडते, तर तो ठीक. दोन्ही दिवे सुस्त असतील तर दोष सामाईक नळीत, टाकीत किंवा स्विचमध्ये. एकच काणा असेल तर फाटा फुटल्यानंतर त्याच्या बाजूला. नळ्या एकेक करून चिमटीत दाबायच्या. जिथं दाबल्यावर फुसफुस थांबते, त्याच्या पुढे गळती. पुष्कळदा नळीचं टोकच कडक होऊन सैल पडलेलं असतं. नळी लांबीला पुरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवली की काम झालं. डायफ्रामला स्वच्छ नळी लावून तोंडानं ओढायचं आणि टोक जिभेनं बंद करायचं. ओढ टिकली तर डायफ्राम शाबूत. बिजागऱ्या गंजलेल्या असतात, त्याही बघाव्यात, मात्र इंजिन बंद करून आणि साठलेली ओढ सोडून देऊन. दिवा बोटांवर मिटला तर कळवळायला होतं.

हल्ली याऐवजी विजेची मोटर बसवतात. रोज रात्री गाडी काढणाऱ्यानं खुशाल बसवावी. पण आधी इंजिन बंद करून दिव्यांचा स्विच ओढून पाहावा. टाकीतल्या शिल्लक ओढीवर दिवे एकदा तरी उघडले, तर टाकी आणि वॉल्व्ह अजून नेटके आहेत, आणि खर्च मीटरभर रबरी नळीचाच निघण्याची शक्यता जास्त.